क्लच स्लिप होतोय, अख्खा सेट बदलायची गरज आहे का?

पुणेरी_रायडर: १५० सीसीची स्पोर्ट्स बाईक आहे, ताम्हिणी चढताना चौथ्या गिअरला थ्रॉटल पिळला की आरपीएम भसकन वर जातं पण गाडी त्या मानाने पळतच नाही, वर जळकट वास. आत्ताच सर्व्हिसिंग झालंय. मेकॅनिक म्हणतो अख्खा क्लच सेट टाका.

घाटवेडा: थांब भावा, आधी लिव्हरचा फ्री प्ले बघ. टोकाला साधारण १० ते १५ मिमी मोकळी चाल पाहिजे, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. केबल ताणून बसवली असेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा घासून जातात. ऑईल कुठलं टाकलंय?

पुणेरी_रायडर: माहीत नाही, पण डब्यावर कारचं चित्र होतं 😅

काळी_चेन: झालं मग!! आपला क्लच इंजिन ऑईलमध्येच भिजलेला असतो, कारच्या बऱ्याच ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारे पदार्थ) असतात, त्याने प्लेटा सटकतात. डब्यावर जासो (टू-व्हीलर ऑईलचं जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घे, एमबी स्कूटरवाल्यांसाठी. फिल्टरसकट ऑईल बदल, तरी स्लिप झाला तरच कव्हर उघडायला लाव आणि समोर उभा राहा. स्टील प्लेटा निळ्या पडल्या असतील किंवा काचेवर ठेवून डुगडुगत असतील तर बदलायच्याच, स्प्रिंगांची लांबी पण मोजायला सांग, आणि नवीन फ्रिक्शन प्लेटा आधी ऑईलमध्ये नीट भिजवूनच बसवायच्या, कोरड्या बसवल्या की लगेच करपतात.

घाटवेडा: +१. सिग्नलला क्लच धरून उभा राहतोस का रे?

पुणेरी_रायडर: नाय ओ, न्यूट्रल करतो. रविवारी ऑईल बदलून सांगतो.