मदत हवी आहे : एका बटणावर अहिराणी लिहायचंय

अमळनेरकडच्या तरुणीला सेरेब्रल पाल्सी आहे. बोट उचलत नाही, मान मात्र उजवीकडे नेमकी वळते. म्हणून गालाजवळ एकच बटण लावून अँड्रॉइडचं ‘स्विच अ‍ॅक्सेस’ (बटणाने फोन चालवायची सोय) जोडलंय : पडद्यावरची निवड आपोआप पुढे सरकते, बटण दाबून आधी ओळ, मग अक्षर निवडायचं. सरकण्याचा वेग १ सेकंद ठेवला की झटक्याने भलतंच अक्षर लागतं. २ सेकंदांवर चुका कमी, पण ‘क्ष’सारख्या जोडाक्षराला क, हलंत, ष अशा तीन निवडी लागतात, मान थकते.

तिला अहिराणीतच लिहायचंय, आणि ते तसंच राहायला हवं. ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) लिहिलं की कीबोर्ड ‘शेत’ सुचवतो. ऑटोकरेक्ट बंद केलंय, शब्द वैयक्तिक शब्दकोशात टाकतोय.

ा, र, क, त पहिल्या ओळीत असलेला देवनागरी कीबोर्ड कुणी बनवलाय का? जळगाव-धुळ्यात व्हीलचेअरला बटणाचा क्लॅम्प घट्ट बसवून देणारं कुणी आहे का? सध्याचा दर दाबाला सरकतो.