मदत हवी आहे: तुरुंगातल्या एचआयव्ही रुग्णांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाची, एमडी मेडिसिन नुकतंच पूर्ण झालंय. घरच्यांना वाटतं मी खासगी दवाखाना थाटावा, पण मला एचआयव्ही आणि कारागृह आरोग्य याच कामात उतरायचं आहे. १९८९ मध्ये आपल्याच म्हापशात डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्हीबाधित म्हणून जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबलं होतं. ते मनातून जात नाही.

औषधांचं फारसं अडत नाही. टीएलडीची (तीन एचआयव्ही औषधं एकत्र असलेली) रोज एक गोळी, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर त्यातलं डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा, एवढं पक्कं आहे. अडतं ते सुटकेपाशी. कच्च्या कैद्याला अचानक जामीन मिळाला की तो थेट गाव गाठतो, कधी दुसऱ्या राज्यात. गोळ्या, उपचाराचं कार्ड मागेच. उपचारात खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. गोव्यातल्या कोलवाळ कारागृहात किंवा महाराष्ट्रातल्या कारागृहांत वैद्यकीय अधिकारी म्हणून कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा, हा दुवा कसा सांभाळता? उपचार दुसऱ्या केंद्राकडे सोपवण्याचं पत्र आणि महिन्याच्या गोळ्या आधीच तयार ठेवता येतात का?

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, पण तपासताना पहारेकरी दाराशीच उभा असेल तर रुग्ण मोकळं बोलणार कसा?

आणि नोकरीचं: आधी एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं देतात) अनुभव घ्यावा की थेट कारागृहातली जागा बघावी? डॉक्टर, समुपदेशक, निवृत्त तुरुंग अधिकारी, सगळ्यांनी लिहा.