'स्पष्ट करा' विचारलं तरी पाठांतरच येतं. भरती-ओहोटीवर प्रश्न कसे काढू?

सातवीच्या बाई, माहीम

नमस्कार. मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीला भूगोल शिकवते. वर्गात ४६ मुलं आहेत. घटक चाचणीचे पेपर तपासून आठवडा झाला, पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

'भरती-ओहोटी का येते ते स्पष्ट करा', गुण ४. संविधान तक्त्यात, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे दाखवणाऱ्या तक्त्यात, मी तो 'आकलन'च्या रकान्यात टाकला होता आणि पर्यवेक्षिकांनी त्यावर सहीही केली. १९ पेपरांत एकच उत्तर आलं, शब्दाला शब्द तेच. ते उत्तर मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या सगळ्यांना मी ४ पैकी ४ दिले.

पेपर परत देताना सहज विचारलं, "आज दुपारी बाराला समुद्र पूर्ण भरलेला असेल, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास काय दिसेल?" चारपैकी चारवाले सगळे गप्प. एक मुलगी म्हणाली, "टीचर, हे पुस्तकात कुठे आहे?" हात वर केला तो कोळीवाड्यातल्या मुलाने. "सुकती असेल. आणि उद्याचं पाणी पाऊण तास उशिरा. अष्टमीला भांग लागला की एवढं चढतच नाही." (सुकती म्हणजे ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारासची कमी भरती.) या मुलाला मी १ गुण दिला होता. पेपरात त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि 'केंद्रोत्सारी' हा शब्द तीनदा खोडला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मोजलं काय आणि लिहिलं काय? २० गुणांचा पेपर, वेळ एक तास. त्यात खरा विचार करायला लावणारे प्रश्न कसे बसवायचे, आणि ४६ पेपर एकाच मापाने कसे तपासायचे? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

निवृत्त शिक्षक, गिरगाव

मॅडम, तुम्ही जे पाहिलं ते मला नोकरीत बऱ्याच उशिरा दिसलं. १९५६ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पातळ्यांची ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशी चढती मांडणी केली. २००१च्या सुधारित मांडणीत ज्ञानाऐवजी स्मरण आलं आणि सर्वांत वर सर्जन गेलं. आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः क्रियापदांची यादी. 'नावे लिहा' म्हणजे ज्ञान, 'स्पष्ट करा' म्हणजे आकलन, 'तुमचे मत लिहा' म्हणजे मूल्यमापन.

पण पातळी क्रियापदात नसते. त्या प्रश्नाचं उत्तर मुलाने आधी पाहिलं आहे का, एवढंच बघा. पाहिलं असेल तर 'मूल्यमापन करा' हेसुद्धा स्मरणच. म्हणून पेपर काढताना मी संविधान तक्त्याशेजारी वही उघडून बसायचो. जे वहीत आहे ते सगळं स्मरणात मोजायचं, त्यावर कोणतंही क्रियापद असो.

वरच्या पातळीसाठी प्रसंग नवा हवा, माहिती मात्र शिकवलेलीच. मुंबईतलंच घ्या. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. 'आज पौर्णिमा आहे. दुपारी १२ वाजता भरती होती. उद्या सकाळी ७ आणि दुपारी १ यांपैकी कोणत्या वेळी दर्ग्यात जाणं सोयीचं? गणित मांडून दाखवा.' दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, एवढंच मुलाला माहीत असायला हवं. उद्याची ओहोटी सकाळी ६:३७ च्या आसपास येते, म्हणजे सातची वेळ बरोबर. हे उपयोजन झालं, आणि दोन मिनिटांत तपासून होतं.

गणित-विज्ञान, मुलुंड

सरांशी सहमत, पण एक काळजी आहे. प्रसंग लांबला की वाचनात कच्चं असलेलं मूल तिथेच अडतं, आणि आपण भूगोलाऐवजी वाचन तपासतो. प्रसंग तीन ओळींच्या पुढे नेऊ नका.

आणि बहुपर्यायी प्रश्नाला कमी लेखू नका. 'आज दुपारी १२ ला भरती, उद्या दुपारची भरती किती वाजता?' पर्याय द्या : ११:१०, १२:००, १२:२५, १२:५०. यात १२:०० निवडणाऱ्याला चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते हे कळलेलं नाही. १२:२५ वाल्याने एकाच भरतीचा फरक धरला, दिवसात दोन भरती येतात हे विसरला. ११:१० वाल्याला ५० मिनिटं आठवली, पण दिशा उलटी झाली. गुण एकच, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काय शिकवायचं ते कळतं. पर्याय असे काढायला मला अर्धा तास लागतो, तपासायला मात्र काहीच नाही.

सातवीच्या बाई, माहीम

दोघांचेही मनापासून आभार. दुसरी चाचणी काल झाली. ८ गुण स्मरणाला ठेवले, तेही हवंच. हाजीअली आणि बहुपर्यायी प्रश्न जसेच्या तसे घेतले. कोळीवाड्यातल्या मुलाला दोन्हींत पूर्ण गुण मिळाले.

एक प्रश्न मी स्वतः काढला : 'मुंबईची जुनी पावसाळी गटारं ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिमी पाऊस वाहून नेतील अशा हिशेबाने बांधली होती. एके दिवशी तासाला २० मिमीच पाऊस पडला, तरी रस्त्यात पाणी तुंबलं. एक कारण सांगा. ते खरं आहे का हे तपासायला तुम्हाला कोणती माहिती लागेल?' गुण ३.

माझ्या मनात भरती होती : समुद्र चढलेला असला की गटारांचं पाणी बाहेर जात नाही. निम्म्याहून अधिक मुलांनी तेच लिहिलं, 'त्या दिवशीची भरतीची वेळ बघू.' पण ११ जणांनी 'गटारात कचरा अडकला' लिहिलं. त्यातल्या सहा जणांनी पुढे लिहिलं, 'पाऊस थांबून ओहोटी आल्यावरही पाणी उतरलं नाही तर कचरा.' हे मला सुचलं नव्हतं. 'पुस्तकात कुठे आहे' विचारणारी मुलगी या सहांतच आहे. पूर्ण गुण द्यावेत असं वाटतं, पण उत्तरसूचीत फक्त 'भरती' लिहिलेलं आहे आणि पेपर पर्यवेक्षिकांकडे जाणार आहेत. काय करू?

निवृत्त शिक्षक, गिरगाव

सूची बदला, आजच. 'पटण्याजोगं कारण १ गुण. ते कारण खरं-खोटं ठरवू शकेल अशी माहिती २ गुण.' मग कचरावाल्या सहांना ३, नुसता 'कचरा' लिहिणाऱ्या पाचांना १. आणि नुसतं 'भरती' लिहिलेल्यांनाही १च, हे विसरू नका. त्या मुलीचं उत्तर सूचीखाली नमुना म्हणून उतरवून पर्यवेक्षिकांना द्या.