मांजराला घरातलं काय काय चालतं? सासूबाई दूधपोळी सोडायला तयार नाहीत

कोपरीकरीण:
नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला राहते. गेल्या जुलैमधे धो धो पावसात आमच्या पार्किंगमधे एका स्कूटरखाली मुठीएवढं पिल्लू सापडलं, ते आता आठ महिन्यांचं झालंय, बोका आहे, नाव गोट्या, वजन साडेतीन किलो. प्रॉब्लेम असा की घरात तीन माणसं त्याला तीन प्रकारे खायला घालतात. मी पॅकेटमधलं सुकं खाणं देते, सासूबाई सकाळ-संध्याकाळ दूधपोळी कुस्करून देतात आणि सासरे चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट. गेला आठवडाभर गोट्याला जुलाब होतायत, लिटर बॉक्सची (त्याच्या शी-शूच्या डब्याची) अवस्था सांगत नाही, तुमच्यापैकी कोणी जेवत असेल. त्यात रविवारी त्याने कढईतल्या चिकन सुक्क्यातला एक पीस पळवला आणि कपाटाखाली बसून खाल्ला. आईंना काही म्हटलं की "मांजर दूध नाही पिणार तर काय सरबत पिणार?" ऐकावं लागतं. तर दूध, दही, अंडं, मासे, चिकन, पनीर यातलं नक्की काय चालतं आणि काय अजिबात नाही, अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

घोडबंदर_रोड:
एवढं टेन्शन कशाला घेताय? आमच्या आजोळी चिपळूणला चार-चार मांजरी दूधभातावर वाढल्या, कुणी पॅकेट आणलं नव्हतं त्यांच्यासाठी. हल्ली फारच लाड. दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, जे द्याल ते मुकाट खाईल.

नेरुळची_मावशी:
@घोडबंदर_रोड दादा, आजोळची मांजर दूधभातावर जगत नव्हती हो, ती पडवीतल्या उंदरांवर जगत होती, दूधभात तिचं मुखवास! फ्लॅटमधल्या बोक्याला उंदीर कुठून मिळणार.

भोळेपणाने मीही असंच समजायचे म्हणून माझी फजिती सांगते. आमची चिमी चार किलोची. उरलेल्या चिकन रश्श्यातले पीस मी नळाखाली धुऊन तिला द्यायचे, मला वाटायचं मसाला गेला म्हणजे झालं. पण वाटणातला कांदा-लसूण मांसात मुरलेला असतो, तो धुऊन जात नाही. दोन-तीन दिवस लागोपाठ दिले, आणि मग ती खिडकीतून उठेचना, कबूतर समोर येऊन बसलं तरी नुसती बघत राहिली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या गुलाबी असायच्या त्या पिठासारख्या पांढरट, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार खाली. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं, त्यामुळे आपण खाण्याशी संबंधच लावत नाही. सलाईन, औषधं, रोजची फेरी, पंधरा दिवस गेले, वाचली बिचारी. चूक माझीच होती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच, कुकर लावायच्या आधी तिचा वाटा बाजूला. मीठ, हळद, आलं-लसूण पेस्ट काहीही लागायच्या आत दोन तुकडे वेगळ्या वाटीत काढायचे आणि नुसत्या पाण्यात उकडायचे. म्हणून तुम्ही विचारलंत ना चिकन चालतं का, तर चिकन चालतं, चिकन सुक्कं नाही चालत. एक पीस पळवलाय तर घाबरू नका पण हिरड्यांवर पुढचे काही दिवस नजर ठेवा. हाड गिळलं नाही ना तेवढं बघा, शिजलेलं हाड फुटलं की सुईसारखं टोक येतं त्याला.

कोपरीकरीण:
बाप रे मावशी. हाड सापडलं कपाटाखाली, अख्खं होतं. आत्ताच हिरड्या बघितल्या, गुलाबी आहेत, बघायला गेले तर चावला मला 😅

ऐरोली_क्लिनिक:
मी एका पेट क्लिनिकमधे असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, पण रोज हेच ऐकतो म्हणून लिहितो. सगळ्यात आधी ते उपाशी ठेवायचं डोक्यातून काढा. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरमधे जाऊन साठते आणि लिव्हरच बसतं, जाड मांजरात तर जास्तच. चोवीस तास तोंड लावलं नाही तर फोन करायचाच.

कांद्याचं मावशींनी बरोबर सांगितलंय. मांजराच्या किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा रक्त बिघडवायला पुरतो, म्हणजे तुमच्या गोट्याला १७-१८ ग्रॅम, अर्धा छोटा कांदासुद्धा नाही. लसूण त्याहून कडक. आणि पावडर सगळ्यात वाईट, कारण ती आटवलेली असते, म्हणून चिप्स, सूपची पाकिटं, नूडल्सचा मसाला नको.

दुधाचं सांगतो. पिल्लाच्या पोटात दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम असतं, आईचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. मग ती साखर तशीच पुढे आतड्यात जाते, पाणी ओढते, आणि तुमचा लिटर बॉक्स. काही मांजरांना थोडं दूध पचतं, पण गोट्याला नाही पचत हे त्यानेच सांगितलंय. दही चमचाभर, पनीरचा नखाएवढा तुकडा, यात लॅक्टोज कमी असतं, पण जुलाब थांबेपर्यंत तेही नको. बिस्किटाचं म्हणाल तर तो गोडासाठी येतच नाही, मांजराला गोड चव कळत नाही, ती चव ओळखणारा जीनच त्यांच्यात बंद पडलेला आहे. तो दुधातुपाच्या वासाला येतो, नाहीतर आजोबांच्या मांडीला. चहा मात्र बंद, कॅफिन आहे त्यात. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कच्चं आंबवलेलं पीठ हेही बंद.

अंडं उकडलेलं द्या, कच्चं नको, कच्च्या पांढऱ्या बलकाने बायोटिन हे व्हिटॅमिन अडतं. प्रमाणाचं गणित असं की गोट्यासारख्या घरातल्या बोक्याला दिवसाला २०० च्या आसपास कॅलरी लागतात, त्यातल्या दहा टक्क्यांच्या आतच वरचं खाणं, बाकी त्याचं संपूर्ण फूड, म्हणजे सगळे घटक असलेलं पॅकेटमधलं मांजराचं खाणं. २० कॅलरी म्हणजे उकडलेल्या चिकनचा १२ ग्रॅमचा तुकडा किंवा पाव अंडं. ऐकायला कंजूषपणा वाटतो पण साडेतीन किलोचा जीव आहे. रोज फक्त चिकन घालणारेही येतात आमच्याकडे, त्यात कॅल्शियम नाही, हाडं कच्ची राहतात. आणि कलेजी रोज दिली तर व्हिटॅमिन ए साठून मानेचे मणके एकमेकांत जुळतात.

जुलाबाला आठवडा झालाय तर शी तपासून घ्या, रस्त्यावरून आलेलं पिल्लू आहे, दूध हे एकच कारण असेल असं नाही. अजून एक, बोका आहे म्हणून: लिटर बॉक्समधे जाऊन बसतो, जोर करतो आणि लघवीचा थेंबच येतो असं कधी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. आणि माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, एका गोळीत मांजर जातं.

नौपाडा_शुद्धशाकाहारी:
छान माहिती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मुलीने मांजर आणलंय. मूगडाळीचं पाणी, पनीर, उकडलेला भोपळा यावर भागेल का?

ऐरोली_क्लिनिक:
@नौपाडा_शुद्धशाकाहारी नाही भागणार, स्पष्टच सांगतो. टॉरिन म्हणून एक घटक लागतो तो मांजराला स्वतःच्या अंगात पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतच मिळतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा जातो आणि हृदय फुग्यासारखं ढिलं पडतं. हृदयाचं हे कारण १९८७ मधे उघड झालं, त्यानंतर मांजराच्या फूडमधे टॉरिन वाढवलं. उंदरात ते भरपूर असतं, म्हणून चिपळूणची मांजर ठणठणीत. तुम्ही घरात शिजवू नका, तयार फूड बाल्कनीत ठेवा, वेगळी ताटली करा, पण मांजराला सोवळं पाळायला लावू नका. भोपळा चमचाभर चालतो, बद्धकोष्ठाला बरा. कुत्र्याचं फूडही नको, त्यात मांजरापुरतं टॉरिन असेलच असं नाही.

दिवाळे_कोळीवाडा:
माशांचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, आम्ही बेलापूरच्या कोळीवाड्यातले, आमच्या दारात मांजरं मोजायची सोय नाही. कच्चा मासा रोज नको. काही माशांत कच्चेपणी असं काही असतं की व्हिटॅमिन बी१ खाऊन टाकतं, आमच्या शेजारच्या बोकीची मान खाली पडायला लागली होती, चालताना झोकांड्या, डॉक्टरांनी हेच सांगितलं. उकडलं की तो त्रास जातो. मी मांदेली डोकं-शेपूट काढून नुसत्या पाण्यात पाच मिनिटं उकळते, गार झाली की दोन बोटांत दाबत नेते, काटा बोटाला टोचला की काढायचा. ओला बोंबील वाफवला की लोण्यासारखा होतो, तरी मधला काटा काढायचाच. आठवड्यातून एक-दोनदा बस. खारवलेला मासा नको, मीठ किती असतं त्याला. सुका जवळा जमिनीवर वाळवलेला असतो, वाळू असते, द्यायचाच तर दोनदा धुऊन चिमूटभर. आणि एकदा माशाची चटक लागली की बाकी कशाला तोंड लावत नाहीत मेले, जूनमधे होड्या बंद झाल्या की मग आपल्याकडे असं बघतात जसं काही आपणच समुद्र बंद केलाय.

घोडबंदर_रोड:
उपाशी ठेवायचं मागे घेतो. हे लिव्हरचं माहीत नव्हतं, सॉरी.

कोपरीकरीण:
अपडेट देते. शी तपासली, जंत निघाले, औषध दिलं आणि दूध पूर्ण बंद केलं, चौथ्या दिवशी सगळं जागेवर. आईंना मी काही बोललेच नाही, व्हेटसमोरच बसवलं त्यांना. येताना रिक्षात म्हणाल्या, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे मीच डोळे मिटून पाजत होते. आता त्याच स्टीलच्या वाटीत बिनमिठाचं चिकन उकडलेलं पाणी देतात, त्याला "गोट्याचं सूप" म्हणतात, आणि आमच्या रश्श्यात वाटण पडायच्या आधी ओरडतात, थांब गं, त्याचं काढलंस का.

बाबांनी बिस्कीट देणं बंद केलंय. म्हणजे त्याच्या वाटणीचं पण आता स्वतःच खातात आणि गोट्या समोर बसून प्रत्येक घास मोजतो. बाबांना शुगर आहे. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू का?