फ्लॅकमधली गाणी फोनवर कशी आणलीत? अनुभव लिहा

कोमल_निषाद
परवा रेडिओवर अचानक मारवा लागला आणि बाबा आठवले. शनिवारी रात्री आकाशवाणीची संगीत सभा सुरू व्हायच्या आधी ते टेपमध्ये कोरी नव्वदची कॅसेट घालून तयार बसायचे. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटायची, तेवढ्यात नेमकी एखादी जागा निसटायची आणि बाबा हळहळायचे. त्या कॅसेटी भावाने डिजिटल करून फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता साठवणाऱ्या फाइलींत) ठेवल्यात, सोबत घरातल्या सगळ्या सीडीही. सगळं हार्डडिस्कवर पडून आहे. मला ते लोकलमध्ये ऐकायचंय.

फोन १२८ जीबीचा, निम्मा आधीच भरलेला, कार्डाची खाच नाही. ७० मिनिटांची सीडी फ्लॅकमध्ये ३०० ते ३५० एमबी घेते, म्हणजे आहे तसं सगळं मावणार नाही. एक सीडी वेगवेगळ्या प्रकारे बदलून ऐकली. कमी बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिट ठेवणाऱ्या, एमपी३ मध्ये तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझणती गुंज) पाण्यात बुडाल्यासारखी वाटते, आणि तबल्याचा चाटेवरचा (कडेवरचा) 'ना' बोथट होतो. २५६ च्या पुढे मला फरक कळत नाही. ओपस या एमपी३ पेक्षा नव्या फॉरमॅटमध्ये १२८ ला कान तृप्त झाले, आणि तीच सीडी ६५-७० एमबीत बसली.

तुम्ही काय करता? शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

कंदी_पेढा
मूळ फ्लॅकला हात लावायचा नाही, बाकी काहीही कर. फोनवरची प्रत केव्हाही नव्याने करता येते. आणि प्रत्येक वेळी फ्लॅकवरूनच करायची. एमपी३ वरून ओपस केलं की आधी गेलेलं परत येत नाही, वर आणखी थोडं जातं. मूळ दोन डिस्कवर ठेव, दुसरी भावाच्या घरी.

माजघर
किती छान लिहिलंय बाबांबद्दल. आमच्याकडेही हेच. कॅसेटच्या पाठीवर राग, तारीख, साथीला कोण, सगळं बारीक अक्षरात. भावाने त्या कागदांचे फोटो काढलेत का?

विलंबित_एकताल
बिटरेटपेक्षा मोठा प्रश्न ट्रॅकच्या सांध्याचा. विलंबित (संथ लय) संपून द्रुत (जलद) सुरू होतं तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, पण तानपुरा अखंड चालू असतो. एमपी३ आवाज ठरावीक तुकड्यांत साठवतं, एक तुकडा म्हणजे फ्रेम ११५२ सँपलची, सुमारे २६ मिलिसेकंद. ट्रॅक तुकड्यांत नेमका बसत नाही, म्हणून एन्कोडर (फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) पुढेमागे रिकामी जागा भरतो. ती किती हे लेमसारखा एन्कोडर फाइलमध्ये लिहून ठेवतो, पण प्लेअरने ते वाचलं पाहिजे ना. नाही वाचलं की तानपुरा क्षणभर तुटतो. सिनेमाच्या गाण्यांत कळतही नाही, ख्यालात मात्र समाधीच मोडते. ओपसमध्ये हा हिशेब फॉरमॅटमध्येच आहे, म्हणून मी त्याच्यावर आलो. अँड्रॉइडवर ५.० पासून चालतं.

अख्खी सीडी एकाच फ्लॅकमध्ये आणि शेजारी क्यू फाइल (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो त्याची यादी) असेल तर फोनवरचे बरेच प्लेअर क्यू वाचत नाहीत. संगणकावर फूबार या प्लेअरमध्ये क्यू उघडून तिथूनच बदल, ट्रॅक आपोआप सुटे होतात.

ओसरीवर
अवांतर: कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झालाय, आवाज लहरतो. पुण्यात कोणी बसवून देतं का?

कंदी_पेढा
@ओसरीवर, जुन्या पट्ट्याचा घेर मोजून ठेवा, ऑनलाइन त्या मापाचे मिळतात. उघडलाच आहे तर हेडही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

हडसनकाठी
न्यू जर्सीहून. आयफोनवाल्यांसाठी: फाइल्स ॲपमध्ये फ्लॅक वाजतं, पण ॲपलचं म्युझिक ॲप ते संग्रहात घेत नाही. मी सगळं एएलॅक या ॲपलच्या फॉरमॅटमध्ये बदललं, तेही लॉसलेसच, त्यामुळे काही गमावत नाही. फोनवर घेताना 'जास्त बिटरेटची गाणी एएसीत बदला' हा पर्याय असतो (एएसी म्हणजे एमपी३ सारखाच लहान फाइलींचा फॉरमॅट), त्यात २५६ निवडते. संगणकावर मूळ तसंच राहतं. इथे बर्फात ट्रेन अडकते तेव्हा सोबतीला भीमपलास असतो, यासारखं सुख नाही.

माजघर
@हडसनकाठी दुपारचा राग बर्फात! पण हवाच तो. काळजी घे गं, कालच बातम्यांत पाहिलं तिकडचं वादळ.

पिंपळपार
मला या विषयाने त्रासच होतो. आईच्या भजनाच्या कॅसेटी एका दुकानात डिजिटल करायला दिल्या होत्या. त्यांनी ६४ च्या एमपी३ करून दिल्या आणि मूळ कॅसेटी 'खराब झाल्या म्हणून टाकल्या' असं सांगितलं. टाळांचा नुसता खरखराट उरलाय. बाहेर देणाऱ्यांनी फ्लॅक किंवा वेव्हच मागा, आणि कॅसेटी मोजून परत घ्या.

माजघर
अरेरे. फार वाईट वाटलं वाचून. आईचा आवाज तरी ओळखू येतो ना?

पिंपळपार
येतो ताई. तेवढं आहे.

तबकडीवेडा
माझ्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, सगळं मोनो. ओपसला मोनो ६४ पुरतं. एक सांगतो, बदलताना 'शेवटची शांतता कापा' असा पर्याय दिसला तर बंदच ठेवा. अगदी जुन्या ध्वनिमुद्रिकांत शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते, १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं त्या काळची ही पद्धत. गाणं संपल्यावर जराशी उसंत, मग ते नाव. सॉफ्टवेअर तेवढंच कापून टाकतं.

शेवग्याची_शेंग
नावांचा घोळ कोणीच लिहिला नाही. फाइलच्या नावात 'राग: यमन' असा विसर्गासारखा कोलन असेल तर मेमरी कार्डावर ती फाइल जातच नाही, कार्डाच्या फाइल सिस्टिमला कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही. मी आडवी रेघ वापरते. आणि टॅगमध्ये संगीतकाराच्या रकान्यात राग भरते. बऱ्याच प्लेअरांत संगीतकारावरून यादी लागते, त्यामुळे संध्याकाळी पूरिया धनाश्री उघडला की सगळे गायक एका खाली एक.

कोमल_निषाद
@शेवग्याची_शेंग, वा! हे आजच करते. @माजघर, हो, कागदांचे फोटो आहेत, तेच कव्हर म्हणून फाइलींत घालणार. बाबांचं अक्षर फोनवर दिसेल. @विलंबित_एकताल, ओपस नक्की. पण कॅसेटींचा आवाज बारीक आणि सीडीचा मोठा, सारखं बटण दाबावं लागतं. त्याला काय करू?

विलंबित_एकताल
रीप्लेगेन (सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) लाव, पण 'अल्बम'वर ठेव, 'ट्रॅक'वर नको. ट्रॅकवर ठेवलंस तर आलाप वर उचलला जातो आणि द्रुत खाली येतं, सगळी चढण सपाट होते. कव्हरचा फोटो ५०० पिक्सेलपर्यंत लहान कर. प्रत्येक ट्रॅकमध्ये तो वेगळा बसतो, मोठा ठेवलास तर उगाच जागा खातो.

ओसरीवर
पट्टा मागवला. घेर मोजायचा तो ताणून की सैल?

कंदी_पेढा
सैलच. ताणला तर माप चुकतं. जुना फार ढिला झाला असेल तर किंचित कमी घेराचा घ्या.