विषय: निकोसियात सायप्रसच्या पद्धतीचे भाजलेले मांस कुठे खावे?

प्रेषक: चिटणीस, मराठी मंडळ

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

दिवाळी फराळाचा कार्यक्रम आटोपल्यावर झालेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत असे ठरले की, यंदाचे स्नेहभोजन लिमासोलमधल्या नेहमीच्या भारतीय उपाहारगृहात न घेता निकोसियात घ्यावे आणि ताटात जे येईल ते याच बेटावरचे असावे. इतकी वर्षे इथे राहूनही आपल्यापैकी अनेकांनी निखाऱ्यांवर भाजलेले इथले मांस नीट बसून खाल्लेले नाही, हे त्या बैठकीतच लक्षात आले.

लिमासोल, लार्नाका आणि निकोसिया मिळून वीस-बावीस मंडळी होतील. त्यांत चार-पाच जण शाकाहारी आहेत, काहींना पोर्क चालत नाही आणि गोमांस बहुतेकांना वर्ज्य आहे. इंटरनेटवर शोधले तर गिरोस या ग्रीक प्रकाराची दुकाने, स्टेकहाउस आणि पर्यटकांची उपाहारगृहे एकाच यादीत सापडतात आणि त्यांतले सायप्रसचे कोणते, हे काही उमजत नाही. निकोसियातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. तूर्त शनिवारची संध्याकाळ धरलेली आहे.

आपला,
चिटणीस

———

प्रेषक: एक जुने सभासद, निकोसिया

मा. चिटणीस यांस,

सप्रेम नमस्कार. 'कुठे खावे' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी 'काय खावे' ते ठरवावे, अशी माझी विनंती आहे. या गावात प्रत्येक मांसाचे घर वेगळे आहे आणि एकाच ठिकाणी सगळे उत्तम मिळेल, या आशेने गेलेल्या माणसाच्या पदरी बहुधा सगळेच मध्यम पडते.

पहिले नाव सूव्लाचे. पोर्कच्या मानेचे किंवा कोकराच्या खांद्याचे, मुठीएवढे, हाडासकट आणि चरबीसकट तुकडे लांब सळईवर ओवून ते 'फूकू' नावाच्या पत्र्याच्या लांबट शेगडीवर दीड-दोन तास फिरवत ठेवतात. शेगडीच्या दोन्ही कडांना वरखाली खाचा असतात. सुरुवातीला सळई वरच्या खाचेत ठेवतात, म्हणजे मांस आतून हळूहळू शिजते, आणि शेवटी ती निखाऱ्यांजवळ उतरवतात, म्हणजे बाहेरून खरपूस होते. हल्ली सळया फिरवायला छोटी मोटर असते, पण निखारे हलवायला माणूस लागतोच. मीठ, ओरेगानो आणि लिंबू यांपलीकडे मसाला जवळजवळ नसतो. हा मुळात घराच्या अंगणातला प्रकार आहे. ईस्टरच्या रविवारी, आणि लेंटच्या उपवासापूर्वी येणाऱ्या त्सिक्नोपेम्प्तीच्या गुरुवारी, गल्लीगल्लीतून त्याचा धूर निघतो. आपल्याकडच्या हुरडा पार्टीसारखे हे आहे: खाण्याइतकेच शेगडीभोवती उभे राहून गप्पा मारण्याला महत्त्व. त्यामुळे उपाहारगृहाच्या यादीत सूव्ला दिसला, तरी तो त्या वेळी शेगडीवरून उतरलेला आहे की सकाळचा गरम करून दिलेला आहे, हे विचारावेच लागते. वस्तीतली काही दुकाने शनिवार-रविवारी दुपारी तो किलोच्या हिशेबाने, आधी सांगून ठेवल्यास, तयार करून देतात. खरा सूव्ला पाहिजे असेल तर तोच मार्ग.

दुसरे नाव शेफ्तालियाचे, आणि सायप्रसची खूण म्हणून मी एकच पदार्थ निवडायचा झाला तर हाच निवडेन. पोर्कचा किंवा पोर्क-कोकराचा मिश्र खिमा, त्यात बारीक कांदा आणि भरपूर पार्सली, आणि हे सारे जनावराच्या पोटातल्या चरबीच्या जाळीदार पडद्यात गुंडाळलेले. सॉसेजसारखे बाहेर आतड्याचे वेष्टन नसते. निखाऱ्यावर ती जाळी वितळत जाते, खिमा स्वतःच्याच चरबीत भाजला जातो आणि शेवटी वर तपकिरी, किंचित कुरकुरीत पापुद्रा तेवढा उरतो. गॅसवर किंवा तव्यावर हे साधत नाही. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी कोळसा आहे ना, हे पाहावे. बाहेर धूर नसेल तर पुढे चालू लागावे.

शेफ्तालिया आणि सूव्लाकी, म्हणजे छोट्या सळईवरचे छोटे तुकडे, हे खाण्याची जागा ताव्हेर्ना, म्हणजे इथले पारंपरिक उपाहारगृह, नव्हे, तर सूव्लाकीचे साधे दुकान. 'मिक्स' मागितले की दोन्ही एकाच 'पिता' नावाच्या चपट्या पावात भरून मिळतात. इथली पिता मोठी, लांबट आणि पातळ असते आणि ती पिशवीसारखी उघडते. तिच्यात मांस, टोमॅटो, काकडी, कांदा, पार्सली, वर लिंबू आणि सोबत मिरचीचे लोणचे. ज्या दुकानात जाड पिता गुंडाळून तिच्यात तळलेले बटाटे खुपसतात, ते दुकान ग्रीसच्या पद्धतीचे समजावे. ते वाईट असते असे नाही, पण आपण ज्यासाठी निघालो आहोत ते हे नव्हे. फानेरोमेनी चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत दोन्ही प्रकारची दुकाने शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे नवख्याची फसगत तिथेच सर्वाधिक होते.

वीस-बावीस जणांना मात्र अशा दुकानात बसवता येणार नाही. म्हणून मंडळासाठी मी जुन्या शहरातील त्रिकूपी रस्त्यावरील 'झानेत्तोस' ही ताव्हेर्ना सुचवतो. ती 1938 पासून चालू आहे आणि तिथे मुख्यतः मेझेच जेवतात. मेझे म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लहान ताटल्यांची रांग: ऑलिव्ह, ताहिनी, काकडी-पुदिन्याचे दही म्हणजे तलातूरी, हालूमी नावाचे इथले चीज भाजून, लूंड्झा म्हणजे धुरावलेले पोर्क, सॉसेज, मग सूव्लाकी आणि शेफ्तालिया, आणि अगदी शेवटी भट्टीतले मांस. सभासदांना एक सूचना आवर्जून द्यावी की, पहिल्या चार ताटल्यांवर आणि पावावर ताव मारू नये. शेगडीवरचे पदार्थ येईपर्यंत पोट भरले, तर सारा खटाटोप व्यर्थ.

जुन्या शहरातल्या लायकी यितोनिया या पर्यटकांच्या भागातली, दारात उभे राहून हाका मारणारी उपाहारगृहे टाळावीत, एवढेच सांगून थांबतो.

कळावे, लोभ असावा.

———

प्रेषक: सभासद, लिमासोल (जहाज व्यवस्थापन)

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पत्रातील शेफ्तालियाविषयीचा शब्द न् शब्द मान्य, पण मेझेविषयी माझे मत वेगळे आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना कंपनीच्या वतीने जेवायला नेण्याचे काम माझ्याकडे असल्याने अनेक मेझे पचवून मी हे लिहीत आहे. मेझेत वीसेक ताटल्या येतात खऱ्या, परंतु प्रत्येक ताटलीत माणशी एखादाच तुकडा असतो, आणि मोठ्या टेबलावर ती शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचते तेव्हा शेफ्तालिया निवून तिची चरबी गोठू लागलेली असते. हा पदार्थ निखाऱ्यावरून उतरल्यावर लगेच खाल्ला तरच खरा.

म्हणून मेझे घ्यायचेच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. एकच लांबलचक टेबल न मांडता सहा-सहा जणांची टेबले मागावीत आणि प्रत्येक टेबलाला स्वतंत्र मेझे सांगावे. दुसरे असे की, थंड ताटल्या कमी करून भाजलेले मांस वाढवून देता येईल का, हे दूरध्वनीवर आधीच विचारावे. समूह मोठा असेल आणि आधी कळवले असेल, तर यजमान बहुधा ऐकतात.

आणखी एक मुद्दा. क्लेफ्तिको हे भाजलेल्या मांसाच्या यादीत धरू नये. कोकराचे ते मांस मातीच्या बंद भट्टीत कित्येक तास राहते आणि हाडापासून आपोआप सुटते. अत्यंत चविष्ट असते, पण त्याला निखाऱ्याचा धूर लागत नाही. आफेलियाचेही तेच. ते पोर्क लाल वाइनमध्ये शिजवतात. मात्र त्यात भरडलेले धणे सढळ हाताने घातलेले असतात, त्यामुळे वसईच्या आणि गोव्याच्या आपल्या सभासदांनी ते चुकवू नये. त्यांना पहिल्या घासालाच ओळख पटेल.

आपला नम्र.

———

प्रेषक: सभासद, निकोसिया (संशोधक)

सर्वांना नमस्कार.

पोर्क न खाणाऱ्यांचा प्रश्न अजून कोणी हाती घेतलेला नाही, म्हणून लिहिते. निकोसिया दोन भागांत विभागलेले आहे; शहराच्या दक्षिण, म्हणजे ग्रीक सायप्रसवासीयांच्या, भागात शेफ्तालियात पोर्क असणारच असे गृहीत धरावे. 'कोकराची आहे' असे सांगितले तरी चरबीची जाळी कशाची आहे, हे वेगळे विचारावे लागते. उत्तर निकोसियात तुर्की सायप्रसवासी हाच पदार्थ 'शेफ्ताली' या नावाने कोकराच्या मांसाचा करतात. त्याची चव जरा उग्र असते, आणि माझ्या मते अधिक चांगली. दोन्ही बाजूंच्या माणसांना हा पदार्थ आपलाच वाटतो, आणि दोन्हीकडचा खाल्ल्यावर मला त्या वादात कोणाचीही बाजू घ्यावीशी वाटत नाही.

दोन भागांमधली लेद्रा रस्त्यावरची चौकी 2008 साली उघडली, तेव्हापासून पायी पलीकडे जाणे सोपे झाले आहे. तिथून आरास्ता हा बाजार आणि ब्युक हान यांच्या परिसरापर्यंत चालायला फारसा वेळ लागत नाही. ब्युक हान ही 1572 सालची सराई पाहण्यासारखी आहे. परंतु जेवायला तिच्या मागच्या गल्ल्यांतले, दर्शनी कोळशाची शेगडी असलेले लहान दुकान शोधावे. तिथेही अदाना, डोनर असे तुर्कस्तानातून आलेले कबाबाचे प्रकारच फलकावर मोठ्या अक्षरांत असतात. शेफ्ताली आणि हेलिम (हालूमीचे तुर्की नाव) नाव घेऊनच मागावे लागते. व्यवहार तुर्की लिरात चालतो, युरोही बरेच जण घेतात.

जाणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही जवळ ठेवावेत. छायाप्रत चालत नाही. ज्यांच्या परवान्याचे नूतनीकरण प्रलंबित आहे, त्यांनी आधी संबंधित कार्यालयात विचारल्याशिवाय चौकी ओलांडू नये. आणि येताना पिशवीत मांस किंवा हेलिम घेऊन येऊ नये. प्राणिजन्य पदार्थ दक्षिणेकडे आणू देत नाहीत.

एक विनंती चिटणीसकाकांना: आमच्या घरी शनिवारी मांसाहार होत नाही, आणि आमच्यासारखी आणखी दोन-तीन कुटुंबे मंडळात आहेत. कार्यक्रम रविवारी ठेवता येईल का?

———

प्रेषक: सभासद, लार्नाका

सप्रेम नमस्कार.

रविवारला माझेही अनुमोदन आहे. मी शाकाहारी आहे आणि अशा प्रत्येक कार्यक्रमात माझ्या वाट्याला काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि सहानुभूती येते, असा अनुभव आहे. हालूमी भाजून मिळते हे ठाऊक आहे. परंतु ते मांसाच्याच जाळीवर भाजतात का, आणि त्यात रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, कोणते असते, हे कोणी सांगू शकेल का?

———

प्रेषक: एक जुने सभासद, निकोसिया

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. पारंपरिक हालूमी मेंढीच्या आणि बकरीच्या दुधाचे असते. कारखान्यात होणाऱ्या हालूमीत गाईचे दूधही असते. युरोपीय संघाने 2021 साली हालूमी आणि हेलिम या दोन्ही नावांना संरक्षित उत्पत्तिस्थानाचा दर्जा दिला. रेनेट मात्र प्राणिजन्य असू शकते. वनस्पतिजन्य रेनेटचे हालूमी बाजारात मिळते आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते, पण ताव्हेर्नातल्या ताटलीला वेष्टन नसते. तेव्हा ज्यांना हे कटाक्षाने पाळायचे आहे, त्यांनी हालूमी वगळावे हे उत्तम. जाळीचे म्हणाल तर ती बहुतेक ठिकाणी एकच असते. आधी सांगितल्यास हालूमी, मशरूम आणि भाज्या वेगळ्या तव्यावर करून देतात, पण मग निखाऱ्याची चव येणार नाही. वाल, चवळी आणि पालेभाज्या ऑलिव्ह तेल-लिंबू घालून इथे उत्तम करतात, आणि मसूर-भाताचे मुजेंद्रा तर आपल्या घरातलेच वाटावे असे असते. ते आधी सांगून ठेवू.

लिमासोलच्या मित्रांची सहा-सहा जणांच्या टेबलांची सूचना मला पटली. क्लेफ्तिकोला निखाऱ्याचा धूर लागत नाही हे खरे, तरी ते वगळू नये. आपण जेवायला चाललो आहोत.

रविवार ठरला तर सूव्लाचा माझा मुद्दा पुन्हा मांडतो. तो दुपारचा प्रकार आहे. ताव्हेर्नाशी बोलताना 'रविवारी दुपारी उघडे आहे का आणि त्या दिवशी सूव्ला शेगडीवर चढणार आहे का' हे दोन प्रश्न एकत्रच विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर आग्रह धरू नये. सूव्लासाठी वसंतात वेगळी सहल काढू. त्रूदोसच्या वाटेवरील प्लातानिया या वनविभागाच्या सहलस्थळी शेगड्यांची सोय आहे. ठरवून दिलेल्या जागेबाहेर जंगलात विस्तव पेटवणे हा इथे गुन्हा आहे, त्यामुळे दुसरी जागा शोधण्याच्या फंदात पडू नये. फूकू आणि मोटर माझ्याकडे आहे, मांस मानेचेच आणू.

———

प्रेषक: चिटणीस, मराठी मंडळ

सर्वांस नमस्कार.

चर्चेवरून पुढीलप्रमाणे ठरवीत आहे. स्नेहभोजन शनिवारऐवजी रविवारी दुपारी होईल. काकांनी सांगितलेल्या ताव्हेर्नाशी मी उद्या बोलतो. रविवारी दुपारी ती बंद असल्यास जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतच दुसरी कोळशाची जागा काकांनी सुचवावी. टेबले सहा-सहा जणांची, मेझे प्रत्येक टेबलाला स्वतंत्र, शाकाहारी टेबल वेगळे. पोर्क न खाणाऱ्यांसाठी त्याच ठिकाणी कोकराचे आणि कोंबडीचे मांस सांगू. ज्यांना उत्तरेकडची शेफ्तालीच खायची आहे, त्यांनी त्या सकाळी संशोधक भगिनींबरोबर स्वतंत्रपणे जावे. तो भाग मंडळाच्या कार्यक्रमात धरलेला नाही, कागदपत्रांची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.

खजिनदारांनी विचारले आहे की, झिवानियाचा खर्च वर्गणीतून होणार का. होणार नाही. द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली ती दारू अतिशय कडक असते आणि लिमासोलकरांना गाडी चालवत परतायचे आहे.

बसने येणाऱ्यांनी सोलोमू चौकात उतरावे. तिथून एलेफ्थेरिया चौक जवळच आहे, सर्वांनी साडेबारा वाजता तिथे जमावे. शाकाहारी किती, पोर्क न खाणारे किती आणि रेनेटचे बंधन पाळणारे किती, हे आकडे मला गुरुवारपर्यंत कळवावेत, म्हणजे शुक्रवारी ताव्हेर्नाला पक्के सांगता येईल.

आपला,
चिटणीस