कोब्राच्या प्रतिकृतीत कोणते इंजिन बसवावे: ३०२, कोयोट की ४२७?

प्रश्न

मी सध्या एसी कोब्रा या १९६० च्या दशकातील खुल्या स्पोर्ट्स गाडीची प्रतिकृती संचातून जुळवत आहे. नळ्यांच्या चॅसिसवर सस्पेन्शन बसले आहे, फायबरग्लासची बॉडी तात्पुरती ठेवून पाहिली आहे, आणि आता इंजिन माउंट वेल्ड करण्याआधी इंजिनाचा निर्णय घेणे भाग आहे. मूळ गाडीला १९६२ मध्ये फोर्डचे २६० घनइंचांचे व्ही-८ होते, त्यानंतर २८९ आले आणि १९६५ मध्ये रुंद बॉडीसह ४२७ आले. माझ्यासमोर कार्ब्युरेटरवर चालणारे, पुशरॉडचे (ब्लॉकमधील कॅमशाफ्ट दांड्यांनी झडपा उघडतो असे) जुन्या धाटणीचे ३०२ आणि फोर्डचेच आधुनिक ५ लिटरचे कोयोट असे दोन व्यवहार्य पर्याय आहेत. ४२७ चा मोह मात्र मनातून जात नाही. गाडी मुख्यतः मोकळ्या रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालवायची आहे. मला यांत्रिक काम जमते, इलेक्ट्रॉनिक्स फारसे जमत नाही. जाणकारांनी आपले मत कारणांसह द्यावे.

उत्तर १

आपण दिलेल्या माहितीवरून मी ३०२ सुचवीन, आणि त्याचे कारण भावनिक नाही. २६०, २८९ आणि ३०२ ही एकाच घराण्यातील इंजिने असल्यामुळे या गाडीच्या बॉनेटखाली ३०२ सहज मावते, स्टीअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्टचे पाइप यांना जागा उरते आणि दुरुस्तीसाठी हातही आत जातो. गाडीचे वजन जेमतेम टनभर असते. मूळच्या २८९ ची नोंदलेली शक्ती २७१ अश्वशक्ती होती आणि त्याच इंजिनावर आधारलेल्या गाड्यांनी शर्यती जिंकल्या. त्यामुळे व्यवस्थित बांधलेल्या ३०२ ला आपण कमी लेखू नये.

जुने इंजिन विकत घेताना मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या फोर्ड मस्टँगमधील ब्लॉक रोलर लिफ्टरचा (कॅमवर टेकणाऱ्या भागाला छोटे चाक असलेला) असेल तर तोच घ्यावा. सपाट लिफ्टरच्या जुन्या कॅमशाफ्टला जस्त आणि फॉस्फरसयुक्त घटक पुरेसे असलेले तेल लागते. ते नसेल तर कॅमचे उंचवटे झिजतात. दुसरे म्हणजे, आधीच्या ३०२ चा बाह्य समतोल (फ्लायव्हीलवर वजन ठेवून साधलेला इंजिनाचा तोल) २८ औंस-इंचांचा असतो आणि १९८० च्या दशकातील इंजिनांचा ५० चा. एकाचे फ्लायव्हील दुसऱ्याला लावले की इंजिन असे थरथरते की दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात माणूस हैराण होतो. शिवाय या ब्लॉकमधून ५०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद काढू पाहिल्यास तो मधोमध फाटण्याचा धोका असतो, तेव्हा हाव आवरावी.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु इलेक्ट्रॉनिक्सच्या भीतीपोटी कोयोट नाकारू नये असे मला वाटते. २०११ च्या मस्टँगमध्ये आलेले हे ४,९५१ घनसेंटिमीटरचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन ३२ झडपांचे असून त्याची शक्ती ४१२ अश्वशक्ती होती. थंडीत पहिल्या प्रयत्नात सुरू होणे, उंचीवर गेल्यावर इंधन आणि हवेचे मिश्रण आपोआप जुळवणे, तीव्र वळणात इंधन एका बाजूला उसळले तरी न अडखळणे, ही कामे ते चालकाला जाणवूही न देता करते. स्वतंत्र बसवणीसाठी ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), हार्नेस (तारांचा जुडगा) आणि इलेक्ट्रॉनिक पेडल एकत्र मिळते. त्यामुळे जोडायच्या तारा कल्पनेपेक्षा कमी असतात.

खरी अडचण तारांची नसून रुंदीची आहे. प्रत्येक सिलिंडर हेडवर दोन कॅमशाफ्ट असल्याने हे इंजिन वरच्या बाजूस ३०२ पेक्षा बरेच रुंद आहे. परिणामी चालकाच्या पायांची आधीच अरुंद असलेली पेटी आणखी आकसते, आणि त्यातच इलेक्ट्रॉनिक पेडलही बसवायचे असते. कार्ब्युरेटरला इंधनाचा सहा-सात पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो, इथे ५५ च्या आसपास लागतो. म्हणजे टाकीत आडपडदे, नवा पंप आणि दाब सोसणाऱ्या नळ्या आल्या. हवा मोजणारा सेन्सर सरळ पाइपात असावा लागतो, कारण वाकड्या पाइपात त्याचे मोजमाप चुकते आणि इंजिन रेंगाळते. २०१८ पासूनच्या कोयोटमध्ये संपीडन गुणोत्तर १२ आहे आणि थेट सिलिंडरमध्येही इंधन सोडले जाते. पहिल्याच गाडीसाठी त्यापूर्वीचे घेतल्यास गुंतागुंत कमी होईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ३०२ वर कार्ब्युरेटरऐवजी इंधनाचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवणे हा मधला मार्ग ठरेल का? आणि ४२७ चा विचार पूर्णपणे सोडून द्यावा का?

उत्तर ३

४२७ विषयी स्पष्ट सांगतो: केवळ नावासाठी घेऊ नये. ते ओतीव लोखंडाचे अवजड इंजिन आहे, त्याचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि अस्सल ब्लॉक दुर्मीळ असल्याने महाग पडतो. गंमत अशी की मूळच्या काही ‘४२७’ कोब्रांमध्ये कारखान्यातच ४२८ बसवले गेले होते. म्हणजे अस्सलपणाचा आग्रह कुठवर धरायचा हाही प्रश्नच आहे. मोठ्या इंजिनाचा कमी आवर्तनांवरचा जोर हवाच असेल तर फोर्डच्या ३५१ विंडसर या इंजिनाच्या घाटाचा, रुंद बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) नवा ब्लॉक घेऊन चार इंचांच्या स्ट्रोकने (पिस्टनच्या फेरीने) ४२७ घनइंच करता येतात. या ब्लॉकची उंची ३०२ च्या ८.२ इंचांऐवजी ९.५ इंच असल्याने एक्झॉस्टचे पाइप वेगळे लागतात, हे लक्षात ठेवावे.

इंजेक्शनचा मधला मार्ग मला पसंत आहे. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारे थ्रॉटल बॉडी एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने मिश्रण स्वतः शिकत जाते. दिसायला गाडी जुनीच राहते. मात्र उच्च दाबाचा पंप यातही टळत नाही आणि टाकीकडे परतीची नळीही बहुधा लागते, म्हणून इंधनव्यवस्था आजच त्या बेताने बांधावी.

आवाजाबाबत अपेक्षा नीट ठरवाव्यात. उभ्या गाडीत जुने इंजिन जे लयीत डचमळते ते कॅमच्या घडणीमुळे. झडपा उघडण्याची वेळ बदलू शकणारे कोयोट तिथे शांत असते आणि वरच्या आवर्तनांवर वेगळ्या सुरात गर्जते. ज्यांना हा फरक सलतो ते पुढे कितीही ताकद मिळाली तरी समाधानी होत नाहीत, असे मी पाहिले आहे.

उत्तर १

एक पुरवणी. काही देशांत प्रदूषणाची मर्यादा इंजिनाच्या निर्मितीवर्षानुसार ठरते, त्यामुळे नोंदणीचे नियम पाहिल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत. तसेच गिअरबॉक्सचा निर्णय इंजिनाबरोबरच घ्यावा. ३०२ च्या मागे येणारा टी-५ गिअरबॉक्स सुमारे ३०० पाउंड-फूट टॉर्कसाठी होता, तर २०११ च्या कोयोटचा टॉर्क ३९० आहे, आणि दोन्ही इंजिनांच्या बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) बोल्टांची मांडणीही जुळत नाही. रिकामा ब्लॉक गिअरबॉक्ससह चॅसिसमध्ये टांगून, पेडल व स्टीअरिंग जागेवर ठेवून आणि बॉनेट बंद करून पाहावे, आणि मगच माउंट वेल्ड करावेत.